खळ लावलेलं काळं कापड

धोंडिबा आणि त्यांचा मुलगा पंचशील यांचं निम्मं बोलणं हातांनी चाले. धोंडिबांनी चौतीस वर्षं मिलच्या विणाई खात्यात काढली होती. दीडशे माग एकदम खडखडत असले की शेजारच्याच्या कानात ओरडूनही उपयोग नसे, म्हणून तिथल्या माणसांनी आपली हातांची एक बोली केली होती. दोन बोटं जोडून झटक्यात विलग केली की धागा तुटला. मूठ ओठांशी नेली की चहाला चल. दोन्ही तळवे छातीपासून खाली सरकवून पुढे धरले की थान, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, उतरलं, काम झालं. पंचशील लहानपणी बाबांचा डबा घेऊन फाटकाशी जाई तेव्हा ही बोली शिकला. पुढे तो इंजिनिअर झाला, डॉक्टरेट घेऊन इंदूरच्याच एका कॉलेजात शिकवू लागला, आणि बाबांचे कान पार गेले. मग ती बोली घरात पुन्हा कामाला आली. बाकीचं धोंडिबा समोरच्याच्या ओठांवरून ओळखत.

१९९१च्या थंडीत मिलला टाळं लागलं. वर्तमानपत्रांत त्या वर्षी रोज नव्या दिवसांच्या बातम्या असत. देशाची दारं उघडली, बाहेरच्या कंपन्या येणार, जुनं मोडून नवं होणार. मिल कामगारांच्या परदेशीपुऱ्यात मात्र एक दार बंद झालं होतं आणि लोक त्याच्यासमोर बसून होते. धोंडिबा रोज सकाळी आंघोळ करून, कामावरचा सदरा घालून फाटकापर्यंत जात, तिथल्या लिंबाखाली बाकीच्यांबरोबर बसत आणि बाराला घरी येऊन जेवत. कौसल्याबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "अहो, बंद फाटकाची कसली हजेरी देता?"

"उद्या भोंगा झाला आणि मी नसलो तर?" धोंडिबा म्हणाले. "दुसरा कोणी उभा राहील ना माझ्या मागावर."

पंचशीलचं काम फ्युएल सेलवर होतं. घरात त्याने ते एकदाच समजावलं होतं. डबीएवढा सेल, एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने हवा, आत दोघं भेटले की वीज तयार होते आणि थोडं पाणी. धूर नाही, राख नाही.

"पाणी? मग चांगलंच की," कौसल्याबाई म्हणाल्या.

"तेच तर वाईट आहे, आई. पाणी बाहेर पडत नाही. सेल स्वतःच्याच पाण्यात बुडतो. चाळीस मिनिटं चालतो आणि मग मान टाकतो."

सेलमध्ये हवेच्या बाजूला कोळशाच्या धाग्यांचं विणलेलं काळं कापड लागे. ते परदेशातून मागवावं लागे आणि यायला सहा-सहा महिने लागत. मागचा तुकडा आला तेव्हा सफाईवाल्याने तो काळं फडकं समजून टेबल पुसायला घेतला होता. म्हणून पुढचा तुकडा आला तसा पंचशीलने तो वहीत घालून घरी आणला. शिवाय त्याचे तीन चौकोन कापायचे होते, अगदी धाग्यावर. कॉलेजात कुणाला ते जमत नव्हतं. दोन धागे इकडेतिकडे झाले की कड उसवत जाई.

तो दिवस १९९३च्या तेरा एप्रिलचा. दुसऱ्या दिवशी सगळं घर पांढऱ्या कपड्यांत महूला जाणार होतं, बाबासाहेबांच्या जयंतीला. त्या घरात जयंतीचा सदरा कडक असायचाच. धोंडिबांचे वडील महूच्या पलटणीत होते. सदऱ्याची घडी मोडली तर वाकलेला माणूस दिसतो, असं ते म्हणत. कौसल्याबाईंनी चुलीवर तांदळाच्या खळीचं पातेलं चढवलं होतं. पंचशीलने बाबांपुढे काळं कापड ठेवलं, बोटांनी चौकोन दाखवला आणि तो सायकलचं पंक्चर काढायला गेला.

तासाभराने परत आला तर अंगणातल्या दोरीवर पांढरे सदरे, पांढऱ्या साड्या, आणि मधोमध तीन काळे चौकोन चिमट्यांना लटकलेले.

"बाबा! हे काय केलंत?"

धोंडिबांना ऐकू आलं नाही, पण चेहरा दिसला. "कड सुटत होती रे," ते म्हणाले. "ढिलं कापड. कोणी विणलं हे? बिना खळीचं असं कापड आमच्या खात्यातून कधी बाहेर नाही गेलं. चांगली पातळ खळ लावली, दोनदा. बघ, आता कशी सरळ राहते."

पंचशील ओट्यावर बसला. सहा महिन्यांचं कापड भातासारखं शिजवून ठेवलं होतं. पण बाबा इतक्या समाधानाने दोरीकडे बघत होते, की त्याने फक्त मूठ ओठांशी नेली. चहा घेऊ या.

दुसरं कापड नव्हतंच. जयंतीनंतर त्याने तेच चौकोन कॉलेजात नेले, त्यावर नेहमीचा काजळी आणि टेफ्लॉनचा लेप दिला आणि भट्टीत साडेतीनशे अंशांवर भाजले. प्रयोगशाळेत जळक्या भाकरीचा वास सुटला. सेल जोडला. चाळीस मिनिटं झाली, तासही झाला. सेल चालत होता. पंचशीलने खुर्ची जवळ ओढली. सहा तासांनी हायड्रोजनचा सिलिंडर संपला तेव्हाच सेल थांबला.

का, हे कळायला त्याला नऊ महिने लागले. खळ विणीच्या भोकांत शिरून बसली होती. वरून लेप बसला. भट्टीत खळ जळून गेली आणि तिच्या जागी बारीक वाटा राहिल्या. पाणी त्या वाटांनी निघून जात होतं. मग त्याने मोजून-मापून खळ करायला सुरुवात केली. पातळ, दाट, तांदळाची, मक्याची. तांदळाची पातळ, दोनदा लावलेली खळ सगळ्यांत चांगली ठरली. धोंडिबांनी अंदाजाने केलेली तीच.

पंचशीलने शोधनिबंध लिहिला. तोपर्यंत त्याच्या नावावर दहा निबंध होते आणि दहांतही त्याचं नाव दुसरं किंवा तिसरं होतं. विभागाची रीतच तशी होती. नावं घालायची ती हजेरी रजिस्टरच्या क्रमाने, सेवाज्येष्ठतेने. ही रीत कुणी दुष्टपणे पाडली नव्हती. पूर्वी कधी दोन प्राध्यापक पहिल्या नावावरून असे भांडले की सात वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, एकाच खोलीत बसून. तेव्हाच्या प्रमुखांनी मग रजिस्टर पुढे करून भांडण मिटवलं, आणि तोडगा कायमचा नियम झाला. आता रजिस्टरात पहिलं नाव विभागप्रमुख श्रीपाद सरांचं होतं.

श्रीपाद सर वाईट माणूस नव्हते, हे नीट सांगायला हवं. घराणं होळकरांच्या दफ्तरातलं, बोलणं हळू, अक्षर मोत्यासारखं. पंचशीलला त्यांनीच डॉक्टरेटला घेतलं होतं. विभागातले दुसरे दोघे मार्गदर्शक त्याला टाळत होते तेव्हा. त्यांनी निबंध दोनदा वाचला आणि चष्मा काढून पुसला.

"पंचशील, हे फार चांगलं झालंय."

"सर, एक विनंती होती. ह्या एकावर माझं नाव पहिलं असतं तर... रीडरची जागा निघणार म्हणतात. पहिल्या नावाचा एक तरी निबंध मागतात."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मी अकरा वर्षं तिसरा होतो," ते म्हणाले. "मग चार वर्षं दुसरा. आता माझी पाळी आली तर रीत मोडू? उद्या बाकीचे काय म्हणतील? जागा निघू दे. कमिटीत मी असेन. मी सांगेन ना काम कुणाचं आहे ते."

मग त्यांनी शेवटच्या पानावरची एक ओळ पेन्सिलीने खोडली. आभारांत पंचशीलने लिहिलं होतं: श्री. धोंडिबा, निवृत्त विणकर, यांच्या सूचनेबद्दल. "हे नको," सर मायेनेच म्हणाले. "लोक हसतील."

विभागाचं टायपिंग करणाऱ्या सरोजिनीबाईंनी नावं टाइप करताना मान वर केली. "पंचशीलजी, ह्याच क्रमाने?"

"ह्याच."

"इतके दिवस भट्टीपाशी तुम्हीच दिसत होतात, म्हणून विचारलं," त्या म्हणाल्या आणि टाइप करू लागल्या.

निबंध छापून आला तेव्हा पंचशीलने तो घरी आणला. धोंडिबांनी पानं चाचपली, कागद चांगला आहे म्हणाले. खळीचा आलेख त्यांना मुलाने बोटाने दाखवला. मग त्यांनी विचारलं, "ह्यावर तुझा नंबर कुठंय?"

मिलमध्ये प्रत्येक थानाच्या शेवटी विणणाऱ्याच्या मागाचा नंबर पडत असे. थान मुंबईला गेलं, कलकत्त्याला गेलं, तरी खोट निघाली की नंबर बघून माणूस शोधत. आणि कापड चांगलं निघालं तरी नंबर तोच. पंचशीलने दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.

"आणि हा पहिला?"

"आमच्या साहेबांचा."

"त्यांनी विणलं?"

पंचशीलने नकारार्थी मान हलवली. धोंडिबांनी पानं मिटून ठेवली. मिलमधले जॉबर, म्हणजे मागवाल्यांवरचे मुकादम, कसे असतात हे त्यांना ठाऊक होतं.

त्या निबंधाला मागणी आली. जर्मनीतून, कॅनडातून प्रत मागणारी पोस्टकार्डं येऊ लागली, सगळी श्रीपाद सरांच्या नावाने. सर ती पंचशीलच्या टेबलावर ठेवत. "दे पाठवून," म्हणत. पंचशील प्रती पाकिटात घाली आणि पत्ते लिही. पुण्याच्या एका प्रयोगशाळेने मात्र दुसऱ्या नावालाच पत्र पाठवलं: इकडे येता का? त्या दिवशी तो सायकल हातात धरून चालतच घरी आला.

"पुणे?" धोंडिबा म्हणाले. "चांगलं आहे. तू जा."

"तुम्ही दोघंही चलायचं."

"मी कसा येऊ, भिया? फाटक इथं आहे ना," धोंडिबा इंदुरी ढंगात म्हणाले.

कौसल्याबाईंनी मुलाकडे पाहिलं. ऐकू न येणारा, रोज बंद फाटकाशी जाणारा म्हातारा त्यांच्या एकटीवर टाकून तो जाणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. तरी पंचशीलने कॉलेजकडे ना-हरकत पत्र मागितलं. अर्जावर 'विचाराधीन' असा शेरा पडला आणि अर्ज विचाराधीनच राहिला. पुण्याची जागा भरली गेली. आत कुठेतरी आपण सुटकेचा निःश्वास टाकला, हे पंचशीलच्या लक्षात आलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

१९९५मध्ये रीडरच्या, म्हणजे व्याख्यात्याच्या वरच्या, जागेसाठी मुलाखत झाली. बाहेरून आलेले एक तज्ज्ञ बसले होते, शेजारी श्रीपाद सर आणि कमिटीतले आणखी दोघे. तज्ज्ञांनी यादीवरून पेन फिरवलं.

"ग्यारह पेपर. फर्स्ट ऑथर एक भी नहीं?"

"जी, हमारे यहाँ सीनिऑरिटी से नाम जाते हैं."

"अच्छा, ये स्टार्चवाला काम मैंने पढ़ा है. ब्यूटिफुल. आयडिया किसका था?"

पंचशीलने श्रीपाद सरांकडे पाहिलं. सर पुढ्यातल्या ग्लासावरची झाकणी सरळ करत होते. ती सरळच होती. पंचशीलला 'माझा' म्हणता आलं असतं. पण कुणी असा प्रश्न विचारला की त्याच्या डोळ्यांपुढे अंगणातली ती दोरीच येई.

"जी, मेरे पिताजी का."

"वो भी केमिकल इंजिनिअर हैं?"

"नहीं सर. मिल में वीवर थे."

तज्ज्ञ हसले. दुसरे दोघे हसले. विनोद चांगला जमला, असंच सगळ्यांना वाटलं. मग तज्ज्ञ श्रीपाद सरांकडे वळले. "आप बताइए सर, काम किसका है?"

सरांनी तोंड उघडलं. काम पंचशीलचं आहे म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग पहिलं नाव तुमचं का? आणि त्यांची स्वतःची प्रोफेसरपदाची फाइल त्याच महिन्यात वर गेली होती. "टीमवर्क था," ते म्हणाले.

जागा दुसऱ्या शहरातल्या एका गृहस्थांना मिळाली; ते वर्षभरातच ती सोडून गेले. मुलाखतीनंतर सर आठ दिवस पंचशीलच्या खोलीकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी आले आणि उभ्यानेच म्हणाले, "मला जमलं नाही रे." पंचशीलने त्यांना खुर्ची दिली. आणखी काय करणार होता?

सर १९९८मध्ये प्रोफेसर म्हणून निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात त्यांच्या शोधनिबंधांची यादी वाचायचं काम, रजिस्टरात दुसरा असल्यामुळे, पंचशीलकडे आलं. छत्तीस निबंध. सोळाव्या क्रमांकावर खळीचा निबंध होता. त्याने तो पंधराव्या आणि सतराव्यासारखाच वाचला, ना हळू ना घाईने. मागच्या रांगेत सरोजिनीबाईंनी विणकाम थांबवलं आणि वर पाहिलं. श्रीपाद सर गळ्यातल्या हाराची फुलं मोजल्यासारखे खाली बघत बसले होते.

आता पाळी पंचशीलची, असं सगळ्यांना वाटलं. पण महिन्याभरात बदली होऊन सुधाकर नावाचे गृहस्थ आले, सेवेने त्याच्याहून दोन वर्षं मोठे, वयाने बरेच. रजिस्टरातलं पहिलं नाव बदललं, क्रम तोच राहिला. सुधाकर सरांना फ्युएल सेलमध्ये फारसा रस नव्हता, पण निबंध त्यांच्या सहीशिवाय बाहेर जात नसे, आणि सही हवी तर नाव पहिलं. सिलिंडरची मंजुरी कधी येई, कधी नाही. पंचशीलची यादी अकरावरून चौदावर गेली, आणि चौदांतही तो दुसरा होता. ह्या वर्षांत कौसल्याबाई वारल्या. पंचशीलची बायको यशोधरा शाळेतून येऊन दोघा पुरुषांना वाढू लागली. धोंडिबा अजूनही सकाळी फाटकापर्यंत जात. लिंबाखाली आता चारच जण उरले होते.

२००४मध्ये सुधाकर सर निवृत्त झाले आणि रीडरची जागा पुन्हा निघाली. पंचशील पंचेचाळिशीचा होता. पुढची जाहिरात निघेपर्यंत तो वयात बसणार नव्हता. अर्जात एक रकाना होता: प्रथम लेखक म्हणून शोधनिबंध. किमान एक हवा.

आणि तो एक त्याच्या खणात होता.

विभागात तीन वर्षांपूर्वी मैत्री नावाची व्याख्याती आली होती, महूची, फौजीची नात. सौरऊर्जेच्या कमी-जास्त विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि ढग आले की तोच सेलला पुरवायचा, असं तिचं काम होतं. गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला बसून तिने दोन उन्हाळे नोंदी घेतल्या होत्या. पंचशीलने फक्त तिची भाषा दुरुस्त केली होती आणि एक आलेख बदलायला सांगितला होता. निबंध तिने रीतीप्रमाणे टाइप करून आणला. पहिलं नाव पंचशीलचं, दुसरं तिचं. रजिस्टरात आता तोच पहिला होता.

फक्त सही करून पाठवायचं होतं. मासिकाचा स्वीकार यायला दोन महिने, अर्जाच्या मुदतीला तीन. सगळं बसत होतं. पंचशीलने निबंध खणात ठेवला आणि दहा दिवस खण उघडला नाही. श्रीपाद सरांचं वाक्य त्याला आठवत होतं: आता माझी पाळी आली तर रीत मोडू? तेव्हा ते वाक्य त्याला कोडगेपणाचं वाटलं होतं. आता त्याला कळलं, की ते बोलताना सरांना किती थकल्यासारखं झालं असेल.

अकराव्या दिवशी त्याने मैत्रीला बोलावलं. "नावांचा क्रम बदलून आण. तुझं आधी."

"सर, असं कसं? रीत..."

"रीत मी बघतो. प्रमुख मी आहे ना आता?"

मैत्री उभीच राहिली. विभागात काही लपत नाही. "सर, मला अर्जाचं माहीत आहे. माझी तर पूरी लाइफ पडलीये. मैं दूसरा लिख लूँगी. हा तुमच्या नावाने जाऊ द्या ना, प्लीज."

तिने हे मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते ऐकणं कठीण होतं. ती घासाघीस करती तर बरं झालं असतं. पंचशील खिडकीकडे बघत राहिला. हो म्हणायला त्याला एक श्वास पुरला असता.

"मीही असंच म्हणायचो," तो म्हणाला. "दुसरा लिहीन. पुढचा लिहीन." मग त्याने विचारलं, "गच्चीवर दोन उन्हाळे कोण बसलं होतं?"

"मी."

"मग झालं. जा, टाइप करून आण. आणि ह्यापुढे विभागात रजिस्टर फक्त हजेरीसाठी."

दुपारी नवी प्रत आली. त्याने सही केली. मग अर्ज समोर ओढला आणि त्या रकान्यात शून्य लिहिलं. अर्ज पहिल्याच चाळणीत बाद होणार होता. तरी तो त्याने सगळा भरला, पाकीट चिकटवलं आणि स्वतः पोस्टात टाकून आला. तो निवृत्त होईपर्यंत व्याख्याताच राहणार, हे त्या पाकिटात होतं. जड काही नव्हतं. दोन पानं होती.

घरी आला तेव्हा धोंडिबा ओट्यावर बसले होते. मुलाच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी दोन्ही तळवे छातीपासून खाली सरकवले आणि भुवया उंचावल्या. थान उतरलं?

पंचशीलने मान डोलावली.

म्हाताऱ्याने तळहातावर बोटाने आकडे गिरवल्यासारखं केलं. नंबर कुणाचा?

पंचशीलने हात लांब करून महूच्या दिशेला दाखवलं. ज्या पोरीने विणलं, तिचा. धोंडिबांना मैत्रीचं काम माहीत होतं. पंचशील घरी सगळं सांगत असे. त्यांनी हळूहळू मान हलवली, पटल्यासारखी.

"बरोबर," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, न ऐकू येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "आणि तुझा?"

समोरच्या दारातली बाई वळून बघू लागली. पंचशील बाबांच्या शेजारी बसला. दोन बोटं जोडून विलग करावीत, धागा तुटला म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. पण बाबा वाट बघत होते. त्याने मूठ वळली आणि ओठांशी नेली.

धोंडिबांनी त्या मुठीकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि यशोधरेला चहाचं आधण ठेव म्हणून सांगायला आत गेले.